एका जोडीचा माणूस कुठे गेला?

"तुम्ही आयुष्यभर काय केलंत हो?" असं कुणी विचारलं की मी छाती काढून सांगतो, "सरासरी काढली." समोरचा जरा थबकतो आणि हमखास विचारतो, "कुणाची?" कुणाची म्हणजे काय! डोक्यांची काढली, कंदिलांची काढली, बैलांची काढली. एकदा पेढीवरच्या दिवाणजींच्या शिंकांचीसुद्धा काढली होती. ते चिडले, पण आकडा बरोबर होता.

संपादकांनी आठवणी लिहायला सांगताना एक अट घातली आहे. आकडे कमी घाला म्हणाले, वाचक पळतात. घ्या! हलवायाला म्हणावं मिठाई दाखव, पण साखर घालू नकोस. तरी बरं, मी पेन्शनीत निघालेला माणूस आहे, भांडायला मला भरपूर वेळ आहे. पण दिवाळीच्या तोंडावर कशाला, म्हणून ऐकतो.

मी जळगावला एका शेठच्या पेढीवर होतो. पेढीवर कंदिलापासून टोपीपर्यंत आणि कढईपासून लोखंडी नांगरापर्यंत सगळं मिळायचं. शेठ एकदा मुंबईला जाऊन आले आणि तिथं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की मोठे व्यापारी दुकान उघडण्याआधी मुलखाची माहिती गोळा करतात. झालं! शेठ परत आले ते आकडेखातं उघडायचं ठरवूनच. आकडेखातं म्हणजे एक टेबल, एक डुगडुगती खुर्ची आणि मी. माझं शिक्षण धुळ्याला झालेलं, गणितात बरा, तोंडानं त्याहून बरा. तेवढ्यावर निवड झाली.

हल्ली मुंबईच्या कॉलेजात व्यापाराचं शिक्षण घेणारी पोरं सुटीत मला भेटायला येतात. त्यांच्या पुस्तकात एकेक भारदस्त शब्द असतात. मी म्हणतो, पुस्तक मिटा आणि धान्यबाजारात चला. व्यापारी पोत्यात परखी खुपसतो आणि मूठभर दाणे बाहेर काढतो, ती वानगी. अख्खं पोतं कुणी निवडत बसत नाही, मुठीवरून पोत्याची पारख होते. पण परखी वरच्या वर खुपसली तर वर रचलेले टपोरे दाणेच हातात येणार आणि खालचा किडका माल तुमच्या गळ्यात पडणार. तुमचं ते सगळं शास्त्र बाबांनो, परखी कुठे खुपसायची यात आहे. पोरं हसतात, पण वहीत लिहून घेतात.

आणि सरासरी! तिच्यापायी तर शेठनी सुरुवातीलाच दणका खाल्ला. टोप्या मागवायच्या होत्या. मी गिऱ्हाइकांची डोकी मापली. त्यात शाळेतली पोरं होती, बाजाराला आलेली बापई माणसं होती. सगळी मापं मांडून मी शेठसमोर ठेवली आणि तळाशी सरासरी लिहिली. शेठनी वरचं काही वाचलंच नाही. तळाचा आकडा उचलला आणि सगळ्या टोप्या त्याच मापाच्या मागवल्या! पोरांच्या त्या नाकावर उतरायच्या आणि मोठ्यांच्या शेंडीवर बसायच्या. एका गिऱ्हाइकानं तर टोपी हातात धरून विचारलं, "शेठ, ही नेमकी कुणासाठी शिवली?" खरं सांगायचं तर कुणासाठीच नाही. सरासरीचं डोकं असलेला माणूस जळगावात जन्मलाच नव्हता.

त्याच सुमारास माझं लग्न अडलं होतं. मुलगी धुळ्याची, कमल नाव, वडील शाळेत हेडमास्तर. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. मी मुलगी बघायला गेलो तर परीक्षा माझीच सुरू झाली.

"पेढीवर काय करता?" नानांनी विचारलं.

"आकडे गोळा करतो."

"गोळा करून?"

"मांडतो."

"मांडून?"

"सरासरी काढतो."

"आणि मग?"

"मग शेठ त्यांच्या मनाला येईल ते करतात," मी म्हणालो. काय करू, जिभेला हाड नाही माझ्या!

पोह्यांच्या बशा घेऊन आलेली कमल दारातच फिस्सकन हसली. ताट असं डुचमळलं की एक बशी माझ्या धोतरावर आली. मी तिथंच गार झालो. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर आपला मारुतीचा पार बरा! पण नाना काही हसले नाहीत. म्हणाले, "हे पाहा, आकडे मांडणं ही नोकरी आहे असं मला अजून पटलेलं नाही. शेठला उद्या कंटाळा आला तर तुम्ही काय खाणार? अमळनेरचं एक स्थळ आहे, मुलगा रेल्वेत आहे. त्यांना मी दसऱ्याला उत्तर द्यायचं कबूल केलंय. तोवर तुमचं काही पक्कं झालं तर या."

आता योगायोग बघा. शेठच्या मनात शिंदखेड्याला नांगराचं दुकान काढायचं घोळत होतं. लोखंडी नांगराचा तेव्हा नवा बोलबाला होता. मोठा नांगर ओढायला तीन-चार बैलजोड्या लागत; धाकटा नांगर एका जोडीला पुरे. शेठकडे धाकट्या नांगरांचा ढीग पडला होता. शेठ म्हणाले, "दामू, त्या बाजूच्या गावांत कुणाकडे किती जोड्या आहेत ते काढ. एका जोडीची घरं भरपूर निघाली तर दुकान काढू, आणि दुकानाचा मुखत्यार तू. नाही निघाली तर हे आकड्यांचं टेबल उचलून मी गोदामात टाकतो. जागा मला खूप लागते."

म्हणजे शिंदखेड्याला एका जोडीचे शेतकरी निघाले तर कमल माझी, नाही निघाले तर ती अमळनेरची. जगात आकडेवारीवर इतकं लक्ष ठेवून काम कुणी केलं नसेल!

पण मी जळगाव सोडायचं नाही, असा शेठचा हुकूम. गावोगाव फिरायला त्यांनी श्रीपादला पाठवलं. श्रीपाद पुण्याकडून आलेला, अक्षर मोत्यासारखं, कपडे परीटघडीचे, बोलणं पुस्तकी. तापी खोऱ्याच्या गाडीनं तो शिंदखेड्याला उतरला, चिखल तुडवत घरोघर गेला आणि रकाने भरून कागद पाठवत राहिला. मी ते जोडत बसलो. जोडता जोडता घोटाळा दिसू लागला.

काही घरांपुढे दोन जोड्या होत्या, काहींपुढे तीन होत्या. पाटलांच्या वाड्यात दहा-अकरा होत्या. आणि बाकी सगळ्या घरांपुढे नुसती आडवी रेघ! रेघेचा अर्थ श्रीपादनं खाली लिहिला होता, "उत्तर मिळाले नाही." पण गंमत अशी की 'एक' हा आकडा कागदावर कुठेच नव्हता. अहो, दोनवाले आहेत, तीनवाले आहेत, मग एकवाला गेला कुठे? जिन्याला पहिली पायरीच नाही असं कधी होतं का?

शेठनी कागद बघितला आणि रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "इथं शून्य घाल."

"शेठ, शून्य कसं? शून्य म्हणजे बैल नाहीत. रेघ म्हणजे आपल्याला ठाऊक नाही."

"बैल असता तर माणूस सांगणार नाही होय? माझ्या गोदामात रिकामी गोणी म्हणजे शून्य. घाल!"

पोरांनो, हे मात्र वहीत ठळक लिहा. रिकामी जागा आणि शून्य यांच्यात कमल आणि अमळनेर इतकं अंतर असतं. समजा, पाच घरं आहेत. पाटलाकडे अकरा जोड्या, चार घरांत एकेक. तर गावाची सरासरी तीन. हे तीन कुणाकडेच नाहीत, पण ते सोडा. आता त्या चार घरांत शून्य मांडलं तर सरासरी उतरून दोनाच्या आसपास येते आणि गाव कसं दिसतं? एक पाटील आणि चार भिकारी! शेठना तसंच दिसलं. म्हणाले, "धाकटा नांगर घ्यायला कुणी नाही. पाटलांकडे मोठे आहेतच. दुकान रद्द." मी त्यांच्या अंगावर ओरडलो. तेही माझ्यावर ओरडले. शेवटी त्यांनी मला चार दिवस रजेवर जायला सांगितलं, डोकं थंड करायला.

श्रावण संपत आला होता. डोकं थंड करायला मी थेट शिंदखेड्याची गाडी पकडली. स्टेशनापासून पायी निघालो आणि ज्या गावापुढे सगळ्यात जास्त रेघा होत्या त्या गावी पोचलो, तर त्या दिवशी पोळा!

काय सांगू तुम्हाला! वेशीवर तोरण बांधलेलं, ढोल दणाणतोय आणि गल्लीबोळांतून बैल येतायत. न्हालेले, चकचकीत, शिंगांना रंग, कपाळाला गोंडे, पाठीवर झुली. एक जोडी आली, मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी! प्रत्येक जोडीपुढे एकेक घरधनी ऐटीत चालतोय. माझ्या कागदावर जे गाव बैलांवाचून कोरडं पडलं होतं, त्या गावात मला उभं राहायला जागा मिळेना. एका बैलानं माझ्या खांद्याला नाक पुसलं. मी वेड्यासारखा ओरडलो, "अरे, तुम्ही कागदावर कुठे आहात?" लोक मला प्यायलेला समजले.

माझ्या शेजारी ओवाळणीचं ताट घेऊन एक म्हातारी उभी होती, भागाअक्का. तिचीच जोडी आता तोरणाखाली उभी होती. मी विचारलं, "अक्का, तुमच्याकडे जोड्या किती?"

"लाभ," अक्का म्हणाली.

"अं?"

"लाभ, भाऊ, लाभ! ती काय तठे उभी शे!"

"म्हणजे एक?"

अक्कानं झटकन माझ्या तोंडापुढे हात धरला. "हट! एक कसाले म्हनस? एक म्हनं तर एकच ऱ्हाई ना! पहिलाले लाभ म्हनतस. बठ्ठा गावले ठाऊक शे."

हात्तिच्या! खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात आणि मग दोन, तीन. हे मीही लहानपणी ऐकलं होतं. पण या बाजूच्या गावांत बैलालाही लाभ, पोरालाही लाभ! दोनवाला सरळ दोन म्हणतो, तीनवाला तीन म्हणतो, आणि नेमका एकवाला, ज्याच्यावर माझा संसार टांगलेला, तो तेवढा लाभ म्हणतो. मी तिथंच मटकन बसलो आणि पोट धरून हसलो. अक्कानं बैलाच्या आधी मलाच ओवाळलं, काहीतरी बाधा झाली असावी म्हणून.

"आमच्याकडचा माणूस आला होता ना, अक्का? त्याला काय सांगितलंत?"

"तो गोरा भाऊ? मी त्याले लाभ सांगं. त्यानी हात जोडात आनि निंघी गया."

संध्याकाळी शिंदखेड्याच्या धर्मशाळेत मी श्रीपादला गाठलं. "शेतकऱ्यांनी लाभ म्हटलं तेव्हा तू काय केलंस?"

तो शांतपणे म्हणाला, "आकडा सांगायची त्यांची इच्छा नव्हती, असं माझ्या लक्षात आलं. तरीही त्यांनी माझं शुभ चिंतिलं. मी म्हणालो, आपणासही लाभ होवो."

दारोदार! हा गृहस्थ दारोदार लोकांना आशीर्वाद देत फिरला होता! त्याच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, पण हसू आवरेना. अर्थ समजल्यावर तो बिचारा इतका शरमला की परीटघडी विसरून माझ्याबरोबर पुन्हा चिखलात उतरला. सगळा भादवा आम्ही त्या रेघांच्या दारी घालवला. मी "जोड्या किती?" विचारायचो, आतून "लाभ" यायचं आणि श्रीपाद आनंदानं ओरडायचा, "एक!" त्यावर घरातली माणसं त्याच्या अंगावर धावून जायची. मग तो मनातल्या मनात ओरडायला शिकला. रजेचे दिवस कधीच उलटून गेले होते, पण ते मोजायला मला सवड नव्हती.

नवे कागद घेऊन मी जळगावला आलो. 'एक' सगळ्यांत जास्त! सगळ्यांत जास्त वेळा येणाऱ्या आकड्याला पुस्तकवाले बहुलक म्हणतात. टोपीच्या वेळी शेठनी हेच माप बघायला हवं होतं. पण शेठ ऐकतील तर ना. "आधी काहीतरी सांगतोस, मग दुसरंच सांगतोस. तुझे आकडे म्हणजे सरडा झाला. लग्नासाठी रंग बदलतोय." माझ्या लग्नाची बातमी दिवाणजींनी फोडली होती. शिंकांचा सूड!

मी म्हणालो, "शेठ, माझं ऐकू नका. श्रीपादचंही ऐकू नका. स्वतः चला आणि स्वतः विचारा." भांडता भांडता त्यांनी हो म्हटलं, कारण मला खोटं पाडायची त्यांना फार हौस होती.

शिंदखेड्याच्या बाजाराच्या दिवशी दुकानासाठी आधी पाहून ठेवलेल्या रिकाम्या जागेत आम्ही बाज टाकली. शेठ उंबऱ्याशी बसले. मी परखी नीट खुपसली होती: बाजाराला येणाऱ्या प्रत्येक वाटेवर श्रीपादला फिरवून, एकाच गावची माणसं येऊ नयेत म्हणून, वेगवेगळ्या गावचे शेतकरी बोलावून आणले होते. पहिला आला.

"काय भाऊ, बैलजोड्या किती?" शेठनी विचारलं.

"लाभ."

दुसरा आला. "लाभ." तिसऱ्यानं दोन सांगितल्या. चौथा, "लाभ." मग एक आबा काठी टेकत आले आणि खणखणीत म्हणाले, "लाभ, शेठ, लाभ!"

मी शेठकडे बघितलं. आता म्हणतील, दामू, तुझं खरं. पण शेठ बाजेवरून उठले होते. त्यांनी पायातले जोडे काढले होते, डोळे मिटले होते आणि हात जोडले होते. दिवाळीला भिंतीवर शुभलाभ लिहिणारा माणूस तो!

"दामू," शेठ कापऱ्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? नव्या जागेत अजून नारळ फुटला नाही आणि उंबऱ्यावर माणूस येतो तो लाभ म्हणतो!"

"शेठ, ते एक म्हणतायत."

"गप! लाभ म्हणतायत!"

"अहो, त्याचा अर्थ एक जोडी. धाकटा नांगर. एकाचा रकाना भरला, म्हणून..."

"श्रीपाद, नारळ आण!"

नारळ फुटला. माझ्या तोंडातही खोबऱ्याचा तुकडा कोंबला गेला, तो बहुधा मी गप्प बसावं म्हणून. दुकान ठरलं. मुखत्यार मी ठरलो. आणि परतीच्या गाडीत शेठ मोठ्या समाधानानं म्हणाले, "आता ते आकडेखातं बंद करू. इतका चांगला कौल मिळाल्यावर आकडे कशाला?"

मला हसावं की रडावं कळेना. ते डुगडुगतं टेबल माझं लाडकं होतं हो. नंतर मी दुकानं पुष्कळ सांभाळली, पण त्या टेबलाशी बसून नुसता एक रिकामा रकाना बघताना जे कोडं पडायचं, तसं पुन्हा कुठे पडलं नाही. अजूनही हळहळ वाटते.

दसऱ्याला मी धुळ्याला गेलो. पांझरेवरून येणारा वारा, घरोघरी झेंडूची तोरणं आणि माझ्या खिशात आपट्याची पानं. नाना ओसरीवर बसले होते. मी वाकून सोनं दिलं आणि शिंदखेड्याचं सांगितलं. नानांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुमच्या आकड्यांवर शेठनी दुकान काढलं! वा! मग मी माझे शब्द मागे घेतो."

इथं मी गप्प बसायचं होतं. कुणीही शहाणा बसला असता. पण त्या कागदांसाठी मी महिनाभर चिखल तुडवला होता आणि त्यांच्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना. मी सगळं सांगून टाकलं: लाभ, उंबरा, नारळ आणि बंद झालेलं खातं.

नानांचा चेहरा पुन्हा मिटला. "म्हणजे आकड्यांना कुणी विचारलंच नाही. नोकरी शेठच्या लहरीवर. आज लहर आली, दुकान काढलं. उद्या लहर फिरली की बंद. असंच ना?"

"असंच," मी म्हणालो आणि उठलो. पायांत चप्पल सरकवताना माझ्या डोळ्यांपुढे अमळनेर स्टेशन आलं, कंदील हलवणाऱ्या नवऱ्यासकट.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. बघायला गेलो होतो त्या दिवशी जिचं नुसतं हसू ऐकलं होतं, तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"नाना, एक विचारू?"

"काय गं?"

"शेठची लहर फिरली, तरी यांनी मोजलेले बैल कुठे जाणार आहेत?"

 मी जागीच थांबलो, एक चप्पल पायात, एक हातात. नाना दाराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघत राहिले.

"बसा," ते म्हणाले. "अमळनेरला नाही म्हणून कळवायला हवं."